माथेरान, आणि तेही पावसात

लग्नाच्या वाढदिवसाला लोणावळा नको, गाडीही न्यायची नाही म्हणताय, तर मी माथेरानच सांगेन. त्यातही जुलै. आम्ही दोघं दादरहून कर्जत लोकलने नेरळला उतरलो, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे खासगी गाड्यांना बंदी, म्हणजे हॉर्न नाहीच. फक्त घोड्यांच्या टापा आणि पागोळ्या. १९०७ सालची छोटी रेल्वेगाडी (टॉय ट्रेन) पावसाळ्यात नेरळहून बंद असते, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत मात्र सहसा चालू असते. आम्ही हौसेने चालत गेलो. (हिच्या पांढऱ्या सलवारीचं लाल मातीने जे झालं, ते अजून ऐकतोय!) लुईझा पॉइंटवर समोर प्रबळगड दिसेल म्हणून तासभर थांबलो. दिसलं नुसतं धुकं. एक छत्री, एक कणीस अर्धं अर्धं. घरी एवढ्या गप्पा वर्षभरात होत नाहीत.

पूर्ण गाडीप्रवास हवा असेल तर हिवाळ्यात जा. वाटेत एकच बोगदा लागतो, त्याचं नावच 'वन किस टनेल'. लांबीही तेवढीच!

शनिवार-रविवार टाळा. आणि माकडांसमोर चिक्की काढू नका.