मुलाखत अर्ध्यावर असताना 'नको' कसं कळवलंत? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव लिहा

टिळकवाडी, बेळगाव

नोकरी नाकारणं वेगळं, आणि दोन फेऱ्या झाल्यावर 'पुढं येत नाही' म्हणणं वेगळं. आपल्याकडं ते जास्तच जड जातं. उद्यमबागेत एका कारखान्यात नाव गेलं की चार ठिकाणी कळतं, आणि शब्द टाकलेला असतो कुणा मामा-काकांनी. माझं आधी सांगतो, मग तुम्ही लिहा.

पुण्याच्या एका कंपनीच्या दोन फेऱ्या फोनवर झाल्या होत्या. तिसरी सोमवारी, तिथं जाऊन. रविवार रात्रीच्या बसचं तिकीटही काढलं होतं. शुक्रवारी बाबांचे रिपोर्ट आले आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस ठरलं. घरात गाडी चालवणारा मी एकटा. त्याच संध्याकाळी गच्चीवर जाऊन फोन लावला. पहिलं वाक्य तळहातावर पेननं लिहून घेतलं होतं: 'सर, सोमवारी मी येत नाही, पुढच्या फेऱ्यांतूनही माझं नाव काढा.' पलीकडून आलं, 'बरं झालं आजच सांगितलंत, सोमवारी तिघांचा वेळ अडवून ठेवलाय.' मग तेच मेलवर पाठवलं.

उद्यमबाग

फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, नऊ वर्षं. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मामांनी शब्द टाकला. दुसऱ्या भेटीत मालकांनी स्वतः कारखान्यात फिरवलं. फेटलिंगला (घासून साफ करायला) पडलेलं एक पंपाचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हातात देऊन म्हणाले, 'सांगा बघू, कशानं आलं हे?' घासल्यावर वरच्या कातडीखाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडली होती. 'साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली असणार,' मी म्हटलं. त्यांनी तिथंच मॉइश्चरचं रजिस्टर मागवलं. अर्धा तास आम्ही उभ्याउभ्याच बोललो. माणूस मनापासून आवडला.

खरं जमणार नव्हतं. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, रोजचं येणं-जाणं अशक्य. बिऱ्हाड हलवायचं तर बायकोची अंगणवाडीची नोकरी सोडावी लागणार, ती काय बदलून मिळत नाही. आधी कुणाला सांगायचं यात दोन रात्री गेल्या. शेवटी मामांकडं गेलो. ऐकून म्हणाले, 'त्यांच्या तोंडून कळलं असतं तर मला खाली मान घालावी लागली असती. आता लाव फोन, मी बसलोय इथं.' त्यांच्यासमोरच लावला. मालक जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'तुमच्यासारखा कुणी असंल तर सांगा.' आमच्याकडं पूर्वी असलेला, तेव्हा घरी बसलेला गडहिंग्लजकडचा एक पोरगा सुचवला. तो तिथं लागला.

ओळखीनं गेलेल्यांनी हा क्रम मोडू नये असं मला वाटतं. आधी शब्द टाकणारा, आणि त्याच दिवशी कंपनी.

निपाणी

मी कळवलंच नाही, म्हणून लिहितेय. एका खाजगी शाळेत सातवीच्या वर्गावर डेमो लेसन घेतला, अपूर्णांकांचा. तोवर गावातच सरकारी शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून काम मिळालं. शाळेचा फोन पाच वेळा आला, मी उचलला नाही. काय बोलायचं तेच सुचेना. शाळा उघडायला चार दिवस होते आणि त्यांच्याकडं गणिताला कुणी नव्हतं. वर्गातून निघताना एका मुलीनं विचारलं होतं, 'टीचर, तुम्हीच येणार ना?' ते अजून कानात आहे. एक वाक्य बोलले असते तर त्यांनी दुसरीला बोलावलं असतं.

काकती

एचआरला काम करते, तर आमची बाजू. तुम्ही गप्प बसलात की तुमची फाइल आठवडाभर टेबलावर राहते, आणि तेवढ्यात दुसऱ्या नंबरचा मुलगा दुसरीकडं लागतो. कारण लांबलचक नको, 'घरच्या कारणानं' एवढं पुरतं. खोटं मात्र सांगू नका. मेल चार ओळींचा: कोणत्या पदासाठी, कोणत्या तारखेला मुलाखत झाली, अर्ज मागे घेत आहे, वेळ दिल्याबद्दल आभार. आणि पगार वाढवून घ्यायला म्हणून 'मी माघार घेतो' म्हणू नका, मग खऱ्या माघारीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. ऑफर लेटरवर सही झाली असेल तर आधी त्यातल्या अटी वाचा आणि मगच बोला.

अथणी

बेंगळूरची मुलाखत होती, बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं रिझर्वेशन झालेलं. फोन कन्नडमधून करायचा याचीच धास्ती. शेजारच्या आक्कांनी वाक्य बसवून दिलं: 'सर, नानु बरोदिल्ला री' (सर, मी येत नाही). तिकडून लगेच, 'परवागिल्ला री, मुंदे नोडोण' (हरकत नाही, पुढं बघू). एवढ्याशा फोनसाठी मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

खानापूर

माझं अजून चालू आहे. दुसऱ्या फेरीला मूळ मार्कशीट 'व्हेरिफिकेशनला' म्हणून ठेवून घेतल्या. आता जायचं नाहीये, पण नाही म्हटलं तर त्या अडकतील अशी भीती वाटते. काय करू?

काकती

आधी फोन करू नका, स्वतः जा. अर्ज मागे घेत असल्याचं आणि मूळ कागद परत मिळावेत असं एकच पत्र, दोन प्रतींत. एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेऊन पोच आपल्याकडं ठेवायची. मार्कशीट हातात पडल्या की तिथंच उभं राहून मोजून घ्या. यापुढं मूळ कागद फक्त दाखवायचे, द्यायची ती झेरॉक्स. एकटं जायला अवघड वाटत असेल तर घरातलं कुणी मोठं माणूस घेऊन जा, आणि शनिवारी दुपारनंतर जाऊ नका, शिक्का मारणारं कुणी नसतं.