नेट एकाच कॉम्प्युटरवर बंद? दोष कुठे सापडला ते सांगा

त्याच राउटरवर बाकीच्यांच्या फोनवर नेट चालू आणि एकाच कॉम्प्युटरवर बंद असेल, तर बाहेरच्या लाइनला बोल लावण्यात अर्थ नसतो. तुम्ही काय तपासलंत आणि दोष कुठे निघाला, तेवढं सविस्तर लिहा. राउटर बंद-चालू करून नेट पुष्कळदा येतं, पण कारण कळत नाही आणि तोच त्रास पुन्हा होतो. म्हणून त्यापुढचं हवं आहे.

*

ऑफिसात वाय-फाय जोडलेलं दिसायचं, नेट मात्र नाही. आयपीकॉन्फिग (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी विंडोजची कमांड) चालवलं तर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. डीएचसीपीकडून, म्हणजे राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर आलं नाही की विंडोज असा पत्ता स्वतःच लावून घेतं. राउटरमध्ये पाहिलं, तर वाटायचे पत्ते संपलेले, येऊन गेलेल्या पाहुण्यांच्या फोननी अडवलेले. पत्त्यांची मर्यादा वाढवली, लीजची, म्हणजे एक पत्ता एका मशीनकडे राखून ठेवण्याची, मुदत कमी केली. त्यानंतर तक्रार नाही.

*

मी पायरीपायरीनं पिंग करते, म्हणजे एकेका पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघते: आधी १२७.०.०.१ (स्वतःचाच कॉम्प्युटर), मग राउटर, मग ८.८.८.८ (बाहेरचा गूगलचा सर्व्हर), शेवटी एखाद्या साइटचं नाव. माझ्याकडे पहिल्या तिन्हींना उत्तर आलं, नावाला नाही. म्हणजे घोळ डीएनएसचा, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. काढून टाकलेल्या व्हीपीएननं आपला डीएनएस पत्ता अडॅप्टरमध्ये (नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये) तसाच ठेवला होता. तो ऑटोमॅटिकवर आणला आणि साइट उघडायला लागल्या.

*

केबल लावण्याच्या जागेजवळचा दिवा आधी बघा. आमचा विझलेला होता. प्लगची चिमुकली क्लिप तुटून तो केसभर बाहेर आला होता.

*

आमचं दुखणं सगळ्यात चिवट. रेंज वाढावी म्हणून जुना राउटर लॅन पोर्टला (आतल्या नेटवर्कची केबल लावायच्या जागी) जोडलेला. मग कधी याचं नेट जायचं, कधी त्याचं. शेवटी चालणारा आणि बंद पडलेला असे दोन लॅपटॉप शेजारी ठेवून आयपीकॉन्फिग ताडून पाहिलं. डिफॉल्ट गेटवे, म्हणजे ज्या राउटरमधून बाहेर जायचं त्याचे पत्ते, वेगवेगळे! दोन्ही राउटर पत्ते वाटत होते. ज्याला जुन्याकडून मिळेल तो अडकायचा, कारण जुन्याला बाहेरची वाटच नव्हती. जुन्याचं डीएचसीपी बंद केलं आणि प्रश्न मिटला. एकच मशीन बघत बसू नका, हे मला मनापासून सांगायचंय.

*

पिंगला सगळीकडून उत्तर, पण ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतोय? तारीख बघा. माझ्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपून तारीख काही वर्षं मागे गेली होती, त्यामुळे साइटची सर्टिफिकेट (ती खरी असल्याचे ठरावीक मुदतीचे दाखले) अवैध ठरत होती.

*

पिंगच्या पायऱ्यांत एक भर. काही राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. आमचाही त्यातलाच. अशा वेळी पिंग करून लगेच एआरपीची यादी (जवळच्या कोणत्या यंत्रांनी आपली ओळख कळवली ते दाखवणारी) पाहा. त्यात राउटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) आला असेल तर केबल, स्विच (केबली एकत्र जोडणारा डबा) ठीक आहेत. पुढचं तपासायला घ्या.