खोलीभाडे आणि प्रमाणशीर कपात

आरोग्य विम्याच्या पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की विमा कंपनी संपूर्ण बिलालाच त्या प्रमाणात कात्री लावते, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. विमा नियामकाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, वापरून टाकायचे साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांवर अशी कपात करता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कावरही नाही. शिवाय ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गानुसार दर बदलत नाहीत, तिथे ती मुळीच लागू होत नाही. शल्यविशारदाचे मानधन आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्क मात्र या कपातीतून सहसा सुटत नाही.

वडिलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये होती आणि आम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली (दुसरी रिकामी नव्हती, निदान तसे सांगण्यात आले). कंपनीने सरसकट पाच-अष्टमांश रक्कमच मंजूर केली. पोटात बसवलेल्या १६,००० रुपयांच्या जाळीचेदेखील १०,००० रुपयेच दिले. रुग्णालयाकडून बाबवार तपशिलाचे बिल आणि जाळीच्या वेष्टनावरचे स्टिकर घेऊन कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी अर्ज केला, तेव्हा जाळी, औषधे आणि तपासण्यांची कापलेली रक्कम परत मिळाली. घरी जाण्याच्या घाईत आपण एकूण रकमेच्या एकपानी बिलावर सही करून मोकळे होतो, आणि नंतर नेमकी कोणत्या बाबीवर किती कपात झाली हे दाखवायला हातात काही उरत नाही.