लान्स क्लुसनर: एका वर्ल्डकपचा हिरो, की खरंच मोठा ऑलराउंडर?

डावखुरा_७
मंडळी नमस्कार. माझा जन्म ९९ च्या वर्ल्डकपनंतरचा, त्यामुळे दक्षिण आफ्रिकेच्या क्लुसनरला लाइव्ह बघायचा प्रश्नच नव्हता. परवा त्या वर्ल्डकपची ऑस्ट्रेलियाविरुद्धची एजबॅस्टनची ती सेमीफायनल बघितली, क्लिप नाही, अख्खी मॅच, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. मग आकडे काढले. वनडे १७१, रन ३५७६, अ‍ॅव्हरेज ४१ च्या वर, स्ट्राइक रेट जवळपास ९०, आणि त्यावर १९२ विकेट! त्या काळात हे आकडे म्हणजे कहरच म्हणायला पाहिजे. पण टेस्ट फक्त ४९ आणि २००४ ला वयाच्या ३३ व्या वर्षी सगळा खेळ खल्लास.
तर ज्यांनी तेव्हा बघितलंय त्यांनी सांगा, हा माणूस फक्त त्या एका स्पर्धेपुरता होता का? बॅटिंगमध्ये एवढं वेगळं काय होतं की वासिम-शोएबला पण सुचेना? बॉलिंग खरंच कामाची होती की भरती? आणि त्या शेवटच्या रनआउटमध्ये चूक नक्की कोणाची? मी तीन वेळा रिवाइंड करून बघितलं तरी माझं मत ठरत नाहीये.

नाइटवॉचमन
चांगला धागा. बॉलिंगचं आधी घेतो, कारण क्लुसनर टेस्टमध्ये आला तो बॉलर म्हणून, हे आता कोणाच्या लक्षातच नाही.
१९९६ नोव्हेंबर, ईडन गार्डन्स, त्याची पहिलीच टेस्ट. पहिल्या इनिंगमध्ये अझरने त्याची जी धुलाई केली ती बघवत नव्हती. अझरला आधी मॅकमिलनचा बॉल कोपराला लागला होता, रिटायर्ड हर्ट होऊन गेला होता, परत आला तो पिसाळल्यासारखाच, ७४ बॉलमध्ये सेंच्युरी, म्हणजे कपिलच्या तेव्हाच्या भारतीय रेकॉर्डची बरोबरी. त्यात क्लुसनरच्या एका ओव्हरमध्ये ओळीने पाच चौकार. पहिल्या टेस्टमध्ये, ईडनच्या त्या आवाजात, पाच चौकार खाल्लेला पोरगा, इनिंग संपली तेव्हा नावावर एक विकेट नाही. असा बॉलर पुढच्या इनिंगमध्ये लपवतात. पण इकडे त्यांचा मुख्य फास्ट बॉलर डोनाल्ड पूर्ण फिट नव्हता म्हणा किंवा काही म्हणा, बॉल याच्या हातात गेला आणि पठ्ठ्याने ६४ रनमध्ये ८ विकेट काढल्या. भारत १३७ ऑलआउट, ३२९ रननी हार. पदार्पणात दक्षिण आफ्रिकेच्या बॉलरने एवढं कधी केलं नव्हतं.
तेव्हा तो खरंच फास्ट होता. रनअप काही बघण्यासारखा नव्हता पण खांदे जबरदस्त, क्रीजवर येऊन बॉल आपटायचा. नाताळ प्रांताच्या टीममध्ये वेस्ट इंडिजचा फास्ट बॉलर माल्कम मार्शल होता त्या दिवसांत, त्याने या पोराला हाताशी धरून घडवला. मार्शलकडून शिकलेला बॉलर म्हटल्यावर पुढचं काय सांगायचं.
आणि ईडननंतर महिन्याभरातच, जानेवारी ९७ ला, केपटाऊन टेस्टमध्ये नवव्या नंबरवर येऊन १०० बॉलमध्ये १०२ नाबाद. आपल्याकडे त्या टेस्टमधली सचिन-अझरची पार्टनरशिप सगळ्यांना पाठ आहे, ५ बाद ५८ वरून २२२ ची, आणि ती होतीच तशी. पण त्याच टेस्टमध्ये आपल्या बॉलर्सना आधी कोणी चोपलं होतं ते कोणी काढत नाही.

मिडविकेट
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मी बॅटिंगवर लिहिणार, कारण प्रश्न तोच मोठा आहे.
एक तर बॅट. हातात घेतली तर आपल्याला दोन शॉटनंतर ठेवून द्यावीशी वाटेल इतकी जड. लाकडं फोडणारा कुऱ्हाड उचलतो तसा बॅकलिफ्ट, आधीच वर धरून उभा. पाय लांब फाकलेले, डोकं स्थिर. आणि मुख्य गोष्ट, क्रीजमध्ये मागे सरकून उभा राहायचा. त्या काळात डेथ ओव्हरमध्ये एकच मंत्र होता, यॉर्कर टाका, म्हणजे थेट पायाशी पडणारा बॉल. वासिम, वकार, डोनाल्ड सगळे तेच करायचे. आता बॅट्समन मागे सरकला की तोच यॉर्कर हाफव्हॉली, म्हणजे मारायला सोपा बॉल होतो, समोरचा पाय बाजूला काढला की हात फिरवायला जागा मिळते, आणि थोडा शॉर्ट पडला तर तो मागे आहेच, मिडविकेटवरून भिरकावणार. म्हणजे बॉलरला चुकायला जागाच नाही ठेवायचा. आज हे सगळे करतात, अकॅडमीत शिकवतात, पण तेव्हा सातव्या-आठव्या नंबरचा माणूस ठरवून असं खेळतोय हे नवीन होतं.
दुसरं म्हणजे तो उंच मारायचा नाही. म्हणजे सिक्स होतेच, पण त्याचा धंदा चौकारांवर. सपाट, जमिनीला घासून, एक्स्ट्रा कव्हर आणि मिडऑफच्या मधून, फील्डर वळेपर्यंत बॉल दोरीला. ९९ ला होव्हला आपल्याच विरुद्धची मॅच आठवतीये का कोणाला? २५४ चा पाठलाग, मॅच हातात येईल असं वाटत होतं, हा आला आणि श्रीनाथला पहिल्या तीन बॉलला तीन चौकार. ४ बॉल १२ नाबाद, विषय संपला. टीव्ही बंद करून आम्ही मुकाट झोपायला गेलो.
त्या वर्ल्डकपमध्ये २८१ रन, अ‍ॅव्हरेज १४०.५०, स्ट्राइक रेट १२२. आणि हे इंग्लंडमध्ये, मे-जूनमध्ये, तो पांढरा ड्यूक बॉल हातभर स्विंग होत होता तेव्हा. २२० ला लोक चांगला स्कोअर म्हणायचे. ट्रेंटब्रिजला पाकिस्तानच्या २२० चा पाठलाग करताना १३५ ला ६ गेले होते आणि समोर वासिम, शोएब, सकलैन, अझर मेहमूद. हा ४१ बॉलमध्ये ४६ नाबाद, एक ओव्हर राखून जिंकले. ती इनिंग मला सेमीफायनलपेक्षा मोठी वाटते. सेमीफायनलमध्ये गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं, इथे मॅच डोकं वापरून बांधावी लागली, आधी कॅलिसबरोबर आणि मग बाउचरबरोबर.
आणि हे अचानक उगवलं नव्हतं. वर्ल्डकपच्या आधी मार्चमध्ये नेपियरला शेवटच्या बॉलला ४ हवे होते, डिऑन नॅशला सिक्स मारून मॅच काढली होती. ज्यांनी ते बघितलं त्यांना मे-जूनमध्ये फार आश्चर्य वाटलं नाही.

डावखुरा_७
नाइटवॉचमन दादा, ८ विकेटचं माहीतच नव्हतं, स्कोअरकार्ड काढून बघतो. मिडविकेट, मागे सरकून उभं राहायचं तुम्ही सांगितल्यावर परत व्हिडिओ लावला, खरंच की, मॅकग्राच्या ४९ व्या ओव्हरमध्ये एकदम स्पष्ट दिसतंय. पण रनआउटवर कोणीच बोललं नाही अजून.

थर्डमॅन_८१
रनआउटवर मी बोलतो, या विषयावर भांडणं झालीत माझी.
आधी संदर्भ नीट लावू. ऑस्ट्रेलिया २१३. आफ्रिका बिनबाद ४८ वरून ४ बाद ६१, वॉर्नने तो काय बॉल टाकला गिब्जला! १२ बॉलमध्ये १८ हवे होते तेव्हा मॅकग्राने बाउचरचा दांडा उडवला, मग एलवर्दी रनआउट. नऊ गेले. मग क्लुसनरने लाँगऑनकडे उचलला, रायफेलच्या हातात कॅच होता, तो त्याने हाताने ढकलून दोरीपलीकडे घातला. सिक्स. मग एक रन काढून स्ट्राइक स्वतःकडे. शेवटच्या ओव्हरला ९, बॉलर फ्लेमिंग. पहिले दोन बॉल ऑफसाइडला दोन चौकार, असे की फील्डर हलला पण नाही. स्कोअर लेव्हल. चार बॉल, एक रन.
आता लोक थेट चौथ्या बॉलवर उडी मारतात, पण माझ्या मते सगळं तिसऱ्या बॉलवर ठरलं. क्लुसनरचा शॉट नीट बसला नाही, मिडऑनला लेहमनकडे गेला, डोनाल्ड अर्ध्या पिचवर पोचलेला, लेहमनचा थ्रो स्टंपला लागला असता तर तिथेच संपलं होतं. त्यामुळे पुढच्या बॉलला डोनाल्ड धसका घेऊन क्रीजला चिकटून बसला. चौथा बॉल परत नीट लागला नाही, मिडऑफला मार्क वॉ, आणि क्लुसनर खाली मान घालून पळत सुटला. डोनाल्ड बॉलकडे बघतोय, पार्टनरकडे नाही. बघितलं तेव्हा हा त्याच्या शेजारी येऊन उभा! बॅट हातातून पडली, तशीच टाकून पळाला, वॉने फ्लेमिंगकडे, फ्लेमिंगने गिलख्रिस्टकडे, झालं. टाय, आणि सुपर सिक्सच्या, म्हणजे सेमीफायनलआधीच्या फेरीच्या टेबलात ऑस्ट्रेलिया वर म्हणून तेच फायनलला.
तर चूक क्लुसनरची. हो, तो माझा सगळ्यात आवडता प्लेयर आहे आणि तरीही. दोन बॉल शिल्लक होते, रन तिथे नव्हती, आणि जोडीदार तयार आहे का हे न बघता तो पळाला. ज्या माणसाने स्पर्धाभर एवढ्या थंड डोक्याने मॅचा काढल्या त्याचंच डोकं त्या एका सेकंदाला फिरलं. पण तिसऱ्या आणि चौथ्या बॉलच्या मध्ये दोघांनी पिचवर येऊन एक वाक्य बोलायला हवं होतं की बाबा आता पळायचं की थांबायचं. ते झालं नाही, आणि तिथे डोनाल्ड त्याच्याहून सीनियर होता.

मिडविकेट
थर्डमॅन, डोनाल्डचं थोडं मान्य, पण क्लुसनरला दोष द्यायला माझं मन होत नाही राव. १६ बॉल ३१ नाबाद. वरच्या फळीने काय केलं होतं? आणि चार दिवस आधी हेडिंग्लीला याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध सुपर सिक्सच्या मॅचमध्ये गिब्जने स्टीव्ह वॉचा कॅच धरून ठेवला असता तर ऑस्ट्रेलिया टेबलात वर आलीच नसती, टायवर आफ्रिका गेली असती. शेवटच्या माणसावर बिल फाडायचं हे मला पटतच नाही.

नाइटवॉचमन
भांडू नका, हे २५ वर्षं चालू आहे आणि चालू राहणार.
मूळ प्रश्नाचा राहिलेला भाग घेतो, करिअर लवकर का संपलं. घोटा. ९८ ला इंग्लंड दौऱ्यावर घोट्याच्या दुखापतीने सिरीज अर्धी सोडून घरी जावं लागलं, आणि त्यानंतर तो ईडनवाला वेग परत फारसा दिसला नाही. बॉलिंग मग कटर, स्लोअर बॉल, अचूक टप्पा यावर आली. वनडेत त्याचा फायदाच झाला, ९९ वर्ल्डकपमध्ये १७ विकेट आहेत, केनियाविरुद्ध २१ रनमध्ये ५. त्यामुळे भरतीचा बॉलर अजिबात नाही. पण टेस्टमध्ये अशा बॉलिंगने वीस विकेट निघत नाहीत, ८० विकेट आणि अ‍ॅव्हरेज ३७ च्या पुढे, त्यात पोलॉक आणि कॅलिस दोन ऑलराउंडर आधीच टीममध्ये. शेवटी शेवटी तर ऑफस्पिन टाकायचा.
मात्र त्याला नुसता हाणामारीवाला म्हणणाऱ्यांनी २००० ची श्रीलंकेतली कँडी टेस्ट बघावी. ३४ ला ५ गेले होते, समोर मुरली, पिच वळतंय, आणि याने ११८ नाबाद काढले. बसून, थांबून, एकेक रन जोडून. ती टेस्ट आफ्रिकेने ७ रननी जिंकली. त्याच्या आधी डिसेंबर ९९ ला पोर्ट एलिझाबेथला इंग्लंडविरुद्ध १७४. या दोन इनिंग ज्याच्या नावावर आहेत त्याला टेस्टमध्ये आणखी वर आणि आणखी वेळा खेळवायला हवं होतं, असं माझं ठाम मत.

थर्डमॅन_८१
वर खेळवण्याबद्दल सावकाश. वनडेत सुरुवातीला पिंच हिटर म्हणून, म्हणजे पटापट रन काढायला, वर पाठवायचेच की. आणि ९९ ला एजबॅस्टनलाच न्यूझीलंडविरुद्ध सुपर सिक्सला तिसऱ्या नंबरवर पाठवला, लार्सनने ४ वर काढला, त्या स्पर्धेत तो पहिल्यांदा आउट झाला तो तिथे. पण टेस्टचं तुम्ही म्हणता ते पटतं.
२००३ चा वर्ल्डकप राहिला. केपटाऊनला पहिल्याच मॅचमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध लाराची सेंच्युरी, आणि क्लुसनर ४८ बॉल ५७, तीन रननी हरले. मग डर्बनला पावसात श्रीलंकेविरुद्ध डकवर्थ-लुईसचं (पावसात टार्गेट ठरवायची पद्धत) ते गणित, २२९ वर जिंकलो असं समजून बाउचरने शेवटचा बॉल खेळून काढला आणि मॅच टाय. नॉनस्ट्रायकरला कोण होता? क्लुसनर. त्याच्याच गावी, त्याच्याच ग्राउंडवर, यजमान संघ स्पर्धेबाहेर.
पुढच्या वर्षी टीममधून कायमचा बाहेर. आफ्रिकेने पहिली टी२० इंटरनॅशनल खेळली २००५ ला. म्हणजे ज्या फॉरमॅटसाठी हा माणूस जन्मला होता त्यात देशासाठी एकही मॅच नाही. हे मला त्या रनआउटपेक्षा जास्त लागतं.

डावखुरा_७
सगळ्यांचे आभार. आज रात्री कँडीचा स्कोअरकार्ड आणि ट्रेंटब्रिज, दोन्ही. ट्रेंटब्रिजचा पूर्ण व्हिडिओ कोणाकडे असेल तर इथे टाका, मला फक्त दहा मिनिटांचे हायलाइट्स मिळतायत आणि त्यात कॅलिसबरोबरची पार्टनरशिप जवळजवळ कापलीये.