शब्दचर्चा : आनंद ‘वाटला’ म्हणजे नेमकं काय झालं?

फोंडेकर :
आमच्या वाड्यावर एक निवृत्त टीचर राहतात. ख्रिस्ती आहेत, घरात कोंकणी, पण मराठी पेपर रोज वाचतात. सांजांवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या, निमित्ताने त्यांनी कोंकणीत एक टिपण लिहिलं आणि मराठी करायला माझ्याकडे दिलं. आशय असा : माणूस आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगतो ती कर्तव्य म्हणून नव्हे, आतली खुशालकाय उतू जाते म्हणून. मी मथळा दिला, ‘धर्मप्रसाराचे मूळ आनंदात’. कागद परत आला तो ‘धर्मप्रसार’वर काट मारून. बाजूला लिहिलेलं, ‘हें उतर म्हजें न्हय’ (हा शब्द माझा नव्हे). मग कोणता शब्द घेऊ?

म्हापशेंकार :
‘सुवार्ता’ आहे की. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘चांगली बातमी’. तो पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला आणि कोंकणीत ‘वांजेल’ झाला. मराठीने नुसता आवाज न घेता अर्थ घेतला : सुवार्ता, शुभवर्तमान. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत मेंढपाळांना सांगतो तिथे ‘मोठा आनंद’ आणि ‘सुवार्ता’ एकाच वाक्यात आहेत. प्रसार काय, डेंग्यूचाही होतो.

डिचोलीकर :
शब्द गोड केला म्हणून इतिहास गोड होत नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ला आलं आणि १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, टिकलं. आमच्या घरात जुन्या माणसांच्या तोंडी या विषयाला एकच क्रियापद होतं : बाटवणे. ‘आनंदातून सांगितलं’ हे वाक्य त्या काळाला लावून दाखवा.

फोंडेकर :
लावता येणार नाही, आणि लावूही नये. टीचरनी काट मारली ती याच कारणाने असणार असं आता वाटतं. पोप फ्रान्सिस यांनी २४ नोव्हेंबर २०१३ ला जे आवाहनपत्र काढलं त्याच्या लॅटिन नावाचाच अर्थ ‘सुवार्तेचा आनंद’. त्यात म्हटलंय की सुवार्ता सांगणाऱ्याचा चेहरा नुकताच मयताहून आल्यासारखा असू नये. आणि आधीच्या पोपांचा, बेनेडिक्ट सोळावे यांचा, हवाला देऊन असंही की चर्च वाढतं ते लोकांना ओढून आणून नव्हे, त्यांना ओढ वाटते म्हणून. म्हणजे ‘ओढणे’ आणि ‘ओढ’. एकाच धातूची दोन पोरं, स्वभाव मात्र उलटे.

कुडचडेकार :
तुम्ही शेवटच्या वाक्यात ‘ओढ वाटते’ लिहून गेलात आणि तिथेच उत्तर आहे. मराठीतलं ‘वाटणे’ बघा. हे दोन वाक्यं शेजारी ठेवा :
तिला आनंद वाटला.
तिने आनंद वाटला.
क्रियापदात काना-मात्रेचा फरक नाही. कोशात मात्र हे वेगळे शब्द आहेत. वाटणी, वाटप, वाटा यांचं ‘वाटणे’ संस्कृत ‘वण्ट्’कडून येतं, मनाला वाटणाऱ्याचं कूळ निराळं. (तिसरं ‘वाटणे’ शाकुतीच्या मसाल्याचं, त्याला तूर्त रगड्यावरच राहू दे.) कुळं वेगळी असूनही भाषेने दोघांना एकाच कपड्यात उभं केलंय, आणि मला त्याचं व्याकरण फार आवडतं. पहिल्या वाक्यात बाई ‘तिला’ आहे, तिने काहीच केलेलं नाही. आनंद कर्ता आहे, तो येऊन तिला भिडला. दुसऱ्यात ती ‘तिने’ झाली, करणारी झाली. ‘तिला’शिवाय ‘तिने’ होत नाही. आधी वाटावं लागतं, मग वाटता येतं. जबरदस्तीच्या प्रचारात नेमकं हेच उलटं असतं : वाटणारा हजर, त्याला वाटलेलं काही नाही.
लूकच्याच पंधराव्या अध्यायातली बाई आठवा. दहा नाण्यांतलं एक हरवलं, दिवा लावून घर झाडलं, सापडलं. मग ती मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावून ‘माझ्याबरोबर आनंद करा’ म्हणते. नाणं सापडल्यावर तिला घरात बसवेना, एवढंच.

म्हापशेंकार :
टिपण सांजांवचं आहे ना? मग ‘आनंद पोटात मावेना’ हा वाक्प्रचार सोडू नका, कारण या सणात तो शब्दशः घडतो. मारियेला येशू पोटी येणार ही खबर मिळते आणि ती घाईने डोंगराकडे एलिझाबेथच्या घरी जाते. तिचा नमस्कार कानावर पडताच एलिझाबेथच्या पोटातलं सहा महिन्यांचं बाळ उल्लासाने उडी मारतं. ते बाळ म्हणजेच सांजांव, बाप्तिस्मा करणारा योहान. म्हणून त्याचा सण २४ जूनला, नाताळच्या सहा महिने आधी, आणि म्हणून डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून भर पावसात बांवीत (विहिरीत) उड्या. आमच्याकडे शिवोलीला होड्या सजतात, घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजतं, नव्या जावयाला सासुरवाडीचं बोलावणं असतं. उडी मारणाऱ्या सगळ्यांना कथा ठाऊक असते असं नाही. काहींना फक्त फेणीची बाटली ठाऊक असते.
आणि गर्भ म्हटला की तुकोबा : ‘गर्भाचे आवडी मातेचा डोहळा’. त्याच अभंगाचा शेवट ‘अनुभव सरिसा मुखा आला’ असा आहे. आत होतं ते तोंडी आलं. हे कोणत्याही धर्माच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

डिचोलीकर :
‘वाटणे’ मला पटलं, एका अटीवर. पेढे वाटतात तेव्हा ‘नको, साखर वाढलीय’ म्हणायची मुभा असते आणि वाटणारा रुसत नाही. ती मुभा असेल तर वाटणे. नसेल तर तुमच्या टिपणात आमचा जुना शब्द घाला.

फोंडेकर :
कुडचडेकारांचं आणि डिचोलीकरांचं दोन्ही टीचरना वाचून दाखवलं. पेढ्याला त्या मोठ्याने हसल्या, त्यांनाही साखर आहे. नवा मथळा त्यांनीच सांगितला : ‘आधी वाटलं, मग वाटलं’. मी म्हटलं, वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटेल. ‘वाटूं दी,’ म्हणाल्या.
आता एकच अडलंय. बाळाच्या उडीला ‘उल्लास’ लिहू की ‘उल्हास’? संस्कृतात उल्लास, बोलण्यात उल्हास. परवा पान लागतंय.