सीओटू सोडला की सॉल्व्हंट काकवीसारखं घट्ट होतं, काय करू?

खलबत्ता: मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला रिव्हर्सिबल सॉल्व्हंट घेतलंय, म्हणजे सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडून नंतर परत सोडून देणारा द्रव. डीबीयू (एक स्ट्राँग बेस) आणि हेक्झानॉल (एक अल्कोहोल) समसमान मोल घेऊन त्यात सीओटूचे बुडबुडे सोडले, आधी पातळ होतं, मग फ्लास्क हाताला गरम लागायला लागला आणि बघता बघता काकवी, मॅग्नेट फिरायचाच थांबला. नायट्रोजन सोडून जरा गरम केलं तर परत पातळ. इथपर्यंत मजा. पण दुसऱ्या बॅचला पांढरा गाळ बसला, आणि सर म्हणतात ही काकवी पंपातून जाणार कशी? मुळात प्लांटमध्ये धुरातला सीओटू पकडायला एमईए (मोनोइथेनॉलअमीन, म्हणजे अमीन जातीचं नायट्रोजनवालं रसायन) चालतंय ना, मग हा उपद्व्याप कशाला?

ऑरगॅनिकवाली: गाळ म्हणजे ओल. डीबीयूला पाणी मिळालं की बायकार्बोनेटचं मीठ होऊन खाली बसतं. हेक्झानॉल मॉलिक्युलर सिव्ह्जवर (पाणी शोषणारे सच्छिद्र मणी) वाळव, सिलिंडरच्या लाइनलाही ड्रायर लाव. घट्टपणाचं म्हणशील तर सीओटू घेतल्यावर सगळे रेणू आयन होतात, प्लस मायनस एकमेकांना धरून बसतात, मग वाहणार कसं. कॅनडात जेसप या केमिस्टच्या ग्रुपनं 2005 मध्ये हीच जोडी दाखवली होती, त्यामुळे तुझं काही चुकलेलं नाही.

बॉयलरवाला: एमईए "चालतं" हे लांबून बोलायला ठीक आहे. 30 टक्के एमईए म्हणजे बाकी 70 टक्के पाणीच की, आणि सीओटू सोडवायला तो सगळा द्रव 120 डिग्रीपर्यंत तापवायचा. सीओटूच्या टनामागे साडेतीन-चार गिगाज्युल उष्णता जाते, ती टर्बाइनच्या वाट्याची वाफ असते रे! पाणी कमी केलं की हा खर्च वाचतो, म्हणून तुमचे उपद्व्याप. पण घट्ट द्रव टॉवरमधल्या पॅकिंगवर (जिथे धूर आणि द्रव एकमेकांना भेटतात) पसरत नाही आणि हीट एक्स्चेंजर अवाढव्य लागतो, सर बरोबर बोलतायत. आणि कोळशाच्या धुरात सीओटू जेमतेम 12-14 टक्के, सोबत वाफ असतेच, तिथे सिव्ह्ज कुठे कुठे लावणार? माझ्या मते तुझा खरा प्रॉब्लेम काकवी नाही, गाळ आहे.

खलबत्ता: मग अमीन जितकं स्ट्राँग तितकं बरं का?

ऑरगॅनिकवाली: उलट. घट्ट धरलं तर सोडवायलाही तेवढीच उष्णता. एएमपी हे अमीन बघ, नायट्रोजनशेजारी दोन मिथाइल गट गर्दी करून बसलेत म्हणून कार्बामेट (सीओटू थेट नायट्रोजनला जोडून होणारं संयुग) टिकत नाही, पाण्यात सरळ बायकार्बोनेट होतं, एका सीओटूला एकच अमीन पुरतं, एमईएला दोन लागतात. फक्त जरा सावकाश पकडतं. काकवीवर अमेरिकेत पीएनएनएल या सरकारी प्रयोगशाळेतल्या हेल्डेब्रांट मंडळींचं काम वाच, त्यांनी हायड्रोजन बाँड रेणूच्या आतल्या आत वळवला, म्हणजे शेजाऱ्याला धरायला हात मोकळाच राहत नाही.

खलबत्ता: भारी! मग आता मुद्दाम थोडं थोडं पाणी घालून गाळ कुठे सुरू होतो ते बघतो. कार्ल फिशरवर (द्रवातलं पाणी मोजायचं यंत्र) माझा नंबर गुरुवारी आहे, तोवर बाटलीचं बूच घट्ट.