मदत हवी आहे : थडगं शब्द आला कुठून?

नमस्कार मंडळी, मित्रांना पुण्याच्या आसपासच्या जुन्या वास्तू दाखवायच्यात, पाबळला मस्तानीची कबर, वानवडीत महादजींची छत्री, आळंदीत माऊलींची समाधी, आणि प्रत्येक ठिकाणी शब्द वेगळा, त्यामुळे डोक्यात किडा वळवळायला लागलाय. कबर अरबी हे माहितीये, त्यातलीच क-ब-र ही तीन अक्षरं मकबरा शब्दात आहेत, पुढे म लागला की जागा, किताब-मकतबसारखं. हिब्रूत तेच केवेर, तिकडे आफ्रिकेत स्वाहिलीत काबुरी आणि इंडोनेशियात कुबुर, म्हणजे शब्द भलताच फिरलाय! इंग्रजी टूम मूळ ग्रीक तुंबोस, त्याचा अर्थ मातीचा ढीग. मॉसोलियम तर चक्क मॉसोलस नावाच्या राजावरून, तो गेला इ.स.पू. ३५३ मध्ये. दर्गा फारसी, मूळ अर्थ उंबरठा किंवा दरबार.

पण आपलं थडगं? संस्कृत, कन्नड की अजून कुठलं? व्युत्पत्तिकोश कुणाकडे असेल तर प्लीज त्या पानाचा फोटो टाका. आणि शिरूर, जुन्नरकडचे कुणी असाल तर गावात आजी-आजोबा नेमकं काय म्हणतात तेही सांगा, मला त्यातच जास्त इंटरेस्ट आहे.